फिगर स्केटिंग, पेन्सिल आणि मी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील 'माझा छंद' या मालिकेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर महिन्याला एका सभासदाने आपल्या छंदाविषयी बोलायचं, अशी ही कल्पना. माझ्याआधी तिघं बोलले. एकांनी गच्चीवरच्या बागेविषयी सांगितलं, त्यानंतर निम्म्या इमारतीत कढीपत्ता लागला. दुसऱ्यांनी गडकिल्ल्यांविषयी सांगितलं, आणि आपली पंधरा मुलं राजमाचीला जाऊन आली. तिसऱ्या वहिनींनी भरतकामाचे नमुने दाखवले. माझ्या भाषणानंतर असं काहीही होणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्या गोष्टीविषयी मी बोलणार आहे ती मी आयुष्यात एकदाही केलेली नाही, आणि करायला गेलो तर फायदा फक्त हाडांच्या डॉक्टरांचा होईल.

सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "फिगर स्केटिंग." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "काका, या वयात फिगर?" नोटीस बोर्डावर सूचना लागली, तर दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी बॉलपेनने लिहून ठेवलं, 'फिगर कशी राखावी यावर मार्गदर्शन होईल काय?' अक्षर बी विंगचं आहे, मी ओळखलंय. बँकेत अडतीस वर्षं सह्या तपासण्यात गेली माझी.

तर पहिल्यांदा फिगर म्हणजे काय ते सांगतो. फिगर म्हणजे आकृती. या खेळात स्वच्छ बर्फावर स्केटिंगच्या पात्याने आकृत्या काढायच्या असत. मुख्यतः इंग्रजी आठचा आकडा आणि त्याचे प्रकार. एका पायावर एक वर्तुळ, दुसऱ्या पायावर दुसरं, आणि त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जायचं. मग परीक्षक बर्फावर वाकून ती रेघ बघायचे, कुठे सुटली, कुठे डगमगली. आमच्याकडे वर्षअखेरीला लेजर टॅली करायचो तसंच. एक काळ असा होता की एकूण गुणांपैकी ६० टक्के गुण या आकृत्यांना होते. १९७२ साली जपानमध्ये सापोरोला ऑलिंपिक झालं. तिथे ऑस्ट्रियाची बियाट्रिक्स शूबा या आकृत्यांच्या जोरावर सुवर्णपदक घेऊन गेली. संगीतावरच्या स्केटिंगमध्ये ती बरीच मागे होती. अमेरिकेची जॅनेट लिन संगीतावर सुरेख नाचली आणि तिसरी आली. टीव्हीवर लोकांनी लिनला बघितलं होतं, शूबाच्या रेघा कुणी बघितल्याच नव्हत्या. लोक चक्रावले. मग नियम बदलत गेले, आकृत्यांचं वजन कमी होत गेलं, आणि १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून त्या गेल्याच. नाव मात्र राहिलं. आपल्या 'सायकल स्टँड'मध्ये आता एकही सायकल नाही, तसं.

आता जे उरलं आहे ते म्हणजे संगीतावर उड्या, गिरक्या आणि पदन्यास. पुरुष, महिला, जोड्या आणि आइस डान्स असे चार प्रकार. खेळ जुना आहे. हिवाळी ऑलिंपिक १९२४ मध्ये सुरू झालं, पण त्याच्याही आधी, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हा खेळ होता, उन्हाळी खेळांच्या यादीत. तिथे पुरुषांत जिंकला स्वीडनचा उलरिख साल्को. त्याच्या नावाची उडी आजही मारतात. उड्या मुख्यतः सहा प्रकारच्या: टो लूप, साल्को, लूप, फ्लिप, लुट्झ आणि अॅक्सल. त्यातल्या पाच उड्या पाठमोरं जाताना घ्यायच्या. एकटी अॅक्सल समोर तोंड करून घ्यायची, आणि उतरायचं मात्र पाठमोरंच. म्हणून तिच्यात अर्धी फेरी जास्त पडते. तिहेरी अॅक्सल म्हणजे साडेतीन फेऱ्या, तेवढ्यात हवेत राहायचं एका सेकंदापेक्षाही कमी. एवढं कळलं की तुम्हाला निम्मा खेळ कळला.

आणखी एक बारकावा. स्केटिंगच्या बुटाचं पातं सुरीसारखं एकाच धारेचं नसतं. साधारण चार मिलिमीटर रुंद असतं, मध्ये खोलगट घासलेलं, त्यामुळे त्याला दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. कोणत्या धारेवरून उडालात यावर उडीचं नाव ठरतं, आणि चुकीच्या धारेवरून उडालात तर गुण कापले जातात. घरी बसून पहिली दहा वर्षं मला हे दिसतच नव्हतं. आता दिसतं. आणि हे दिसायला लागलं ते कुणामुळे, त्यावर येतो.

१९९४ चा फेब्रुवारी महिना. त्याच महिन्यात कपिलदेवने अहमदाबादला हॅडलीचा विक्रम मोडला होता. घरात नुकतंच केबल आलं होतं. मी चॅनेल बदलता बदलता एका ठिकाणी थांबलो. नॉर्वेत लिलेहामरला हिवाळी ऑलिंपिक चालू होतं. खरं सांगतो, थांबलो तो बातमीमुळे. टोन्या हार्डिंग आणि नॅन्सी केरिगन हे प्रकरण आपल्या पेपरातसुद्धा छापून आलं होतं. केरिगनच्या गुडघ्यावर जानेवारीत दांडक्याने हल्ला झाला आणि त्यात हार्डिंगच्या जवळचे लोक निघाले. मी भांडण बघायला बसलो. पण त्या दिवशी लागलं होतं जोड्यांचं स्केटिंग. रशियाचे एकातेरिना गोर्देयेवा आणि सर्गेई ग्रिन्कोव्ह बेथोव्हेनच्या मूनलाइट सोनाटावर स्केटिंग करत होते. मला ना बेथोव्हेन माहीत, ना उड्या. पण नवराबायको एकमेकांकडे न बघता एकमेकांच्या बरोबर जाताहेत, एवढं मला समजलं. आमची ही स्वयंपाकघरातून पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. पोळी करपली. आमच्या घरात या छंदाचा मुहूर्त तो.

ही म्हणजे तुम्ही सगळे जिला 'बाई' म्हणायचात ती. महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं तिने. दोघंही गुण देण्यात आयुष्य घालवलेली माणसं. तिने मुलांना दिले, मी कर्जदारांना आणि हाताखालच्या लोकांना. त्यामुळे साहजिकच आम्ही बसल्या बसल्या गुण द्यायला लागलो. शाळेची एक जुनी दोनशे पानी वही आणि एक पेन्सिल. स्केटर थांबला की परीक्षकांचे गुण पडद्यावर यायच्या आधी दोघांनी आपापले गुण लिहायचे, एकमेकांचे बघायचे नाहीत. तेव्हा सहापैकी गुण असत, ५.७, ५.८ असे, आणि पैकीच्या पैकी म्हणजे ६.०. मी नेहमी कंजूष, ती नेहमी उदार. कुणी पडलं की मी लगेच कापायचो. ती म्हणायची, "अहो, तो उठला ना पण! उठल्याचे गुण कुठे देतात?" मी म्हणायचो, नियमात तसे गुण नाहीत. ती म्हणायची, "तुमचे नियम तुमच्या बँकेत ठेवा." आणि वहीत समासात स्वतःचे दोन दशांश जास्त टाकायची.

तिला माणसांच्या गोष्टी आवडायच्या. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची जेन टॉर्विल विमा कंपनीत कारकून होती आणि तिचा जोडीदार ख्रिस्टोफर डीन पोलिसात. १९८४ ला सारायेव्होमध्ये दोघांनी रावेलच्या बोलेरो या संगीतावर आइस डान्स केला आणि सादरीकरणासाठी नऊच्या नऊ परीक्षकांनी त्यांना ६.० दिले. त्यात एक बँकवाल्याला आवडेल अशी युक्ती होती. संगीत ठरलेल्या वेळेपेक्षा काही सेकंद मोठं होत होतं. पण वेळ मोजायला सुरुवात होते ती स्केटचं पातं बर्फाला लागल्यावर. म्हणून त्यांनी सुरुवात गुडघ्यांवर बसून केली! नियम पाळूनच वेळ मिळवला. ही गोष्ट ऐकून मी पुरुषांमध्ये टाळी दिली असती, पण समोर फक्त ही होती. ती म्हणाली, "विमा कंपनीतली कारकून जर हे करते, तर तुम्ही निदान सकाळी फिरायला तरी जा."

गोर्देयेवा-ग्रिन्कोव्हचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत लेक प्लॅसिडला सराव करताना ग्रिन्कोव्ह बर्फावरच कोसळला. हृदयविकार. वय २८. मुलगी तीन वर्षांची. पावणेदोन वर्षांपूर्वी ज्या जोडीसमोर आमची पोळी करपली होती, त्यातला एक गेला. आणि तीनेक महिन्यांनी गोर्देयेवा एकटीच बर्फावर उतरली, त्याच्या आठवणीसाठीच्या कार्यक्रमात. जोडीचं स्केटिंग लहानपणापासून केलेली बाई एकटी कशी स्केटिंग करणार, असं मला तेव्हा वाटलं होतं. त्या वेळी मला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं.

आता येतो मुख्य गोष्टीवर. सचिवसाहेब, घड्याळाकडे बघू नका, वेळेत संपवतो.

२००२. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला ऑलिंपिक. जोड्यांची अंतिम फेरी. रशियाचे बेरेझ्नाया आणि सिखारुलिद्झे, आणि कॅनडाचे साले आणि पेल्टिये. रशियन जोडीतला तो एका उडीनंतर जरा अडखळला. कॅनडाच्या जोडीने एकही दिसण्यासारखी चूक केली नाही. निकाल आला, नऊपैकी पाच परीक्षक रशियाच्या बाजूने, चार कॅनडाच्या. स्टेडियममध्ये लोक ओरडायला लागले. दुसऱ्या दिवशी बाहेर आलं की फ्रान्सच्या परीक्षक बाईंनी आपल्यावर दबाव होता असं कबूल केलं. त्यांच्या देशाच्या संघटनेच्या अध्यक्षाने सांगितलं होतं म्हणे की जोड्यांत रशियाला मत द्या, म्हणजे आइस डान्समध्ये आपल्या जोडीला मत मिळेल. नंतर बाईंनी ते विधान फिरवलं. शेवटी कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक दिलं गेलं, दोन जोड्यांना दोन सुवर्ण. आणि त्या बाईंवर व त्या अध्यक्षांवर तीन वर्षांची बंदी आली.

मी पेपर वाचून संतापलो होतो. सकाळचा चहा घेत त्या परीक्षक बाईंना बरंच काही बोललो. लाज नाही वाटत, इतक्या वर्षांची मेहनत, वगैरे. आमची ही भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "तुम्ही पेन्सिलीने किती दिले होते?"

मी गप्प बसलो. कारण मला कळलं ती कशाविषयी विचारते आहे.

त्याच्या आदल्याच महिन्यात मी पदोन्नतीच्या मुलाखतीच्या पॅनेलवर होतो. क्लार्कमधून ऑफिसर. पॅनेलवर आम्ही तिघं. पद्धत अशी असायची की मुलाखत झाली की प्रत्येकाने पेन्सिलीने गुण मांडायचे, मग चर्चा, आणि शेवटी शाईने. एक मनुष्य आला. चौदा वर्षं नोकरी, सी.ए.आय.आय.बी.चे दोन्ही भाग पास, लेखी परीक्षेत चांगले गुण. विचारलं त्याचं सरळ उत्तर दिलं, जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाला. मी पेन्सिलीने २५ पैकी १९ दिले. तो बाहेर गेला. पॅनेलप्रमुखांनी माझ्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, "यांचं पुढच्या वेळी बघू. नंतर येणाऱ्याविषयी वरून फोन आहे." एवढंच. दमदाटी नाही, काही नाही. चहा आला, बिस्किटं आली. मी खोडरबर घेतला आणि १९ चे १२ केले, शाईने. यादीतून तो थोडक्या गुणांनी सुटला.

घरी येऊन मी हिला सांगितलं होतं. जरा हसत हसतच सांगितलं होतं, ऑफिसात असं चालतंच म्हणून. तेव्हा ती काही बोलली नाही. महिन्याने भाजी निवडताना बोलली.

त्यानंतर मी कधीही पॅनेलवर पेन्सिल वापरली नाही. पहिल्यापासून शाई. एका प्रमुखांनी मला अडेलतट्टू म्हटलं, ते त्यांच्या दृष्टीने बरोबर होतं. पण ज्याचे सात गुण गेले त्याला त्याचा काय उपयोग? त्याला ऑफिसर व्हायला आणखी तीन वर्षं लागली. तीन वर्षांची ज्येष्ठता म्हणजे काय, ते इथे बसलेल्या बँकवाल्यांना आणि सरकारी नोकरीतल्यांना सांगायला नको.

सॉल्ट लेकच्या गोंधळाने खेळात एक चांगली गोष्ट झाली. सहाची पद्धत गेली, २००४ मध्ये नवी पद्धत आली. आता प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरलेली मूळ किंमत असते. तांत्रिक अधिकारी रेकॉर्डिंग पुन्हा बघून ठरवतात की फेऱ्या पूर्ण झाल्या का, धार बरोबर होती का. मग नऊ परीक्षक ती गोष्ट किती चांगली झाली त्याचे गुण देतात. हल्ली उणे पाच ते अधिक पाच. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी दिलेले गुण बाजूला काढायचे आणि उरलेल्यांची सरासरी. आमच्या ऑडिटवाल्यांना आवडेल असं. सुरुवातीला कोणत्या परीक्षकाने किती दिले ते गुप्त ठेवत, म्हणजे दबाव येणार नाही. पण गुप्ततेत दबाव कमी होतो की लपतो? वाद चालला आणि २०१६ मध्ये ती गुप्तता काढून टाकली. आता नावानिशी गुण दिसतात. मला विचाराल तर तेच बरोबर. माझ्या त्या १२ गुणांपुढे माझं नाव बाहेर लागलं असतं, तर माझा हात खोडरबरकडे गेला नसता.

नव्या पद्धतीवर लोकांची तक्रार अशी की खेळ आता हिशेबाचा झाला. जो तो जास्त किंमतीच्या उड्या भरतो. तक्रारीत तथ्य आहे. पण मी हिशेबातला माणूस, मला मूळ किंमत, अधिक, उणे, एकूण असं समोर मांडलेलं आवडतं. हिला नाही आवडलं. तिने वहीत सहापैकीच गुण देणं चालू ठेवलं. रिटायर झाल्यावर मी इंटरनेटवरून प्रत्येक स्पर्धेचे तपशीलवार गुणतक्ते काढून बघायला लागलो. आणि धारा ओळखायला मला शिकवलं तिने. शाळेत मुलांची अक्षरं बघून बघून तिची नजर तयार झाली होती. ती म्हणायची, "लुट्झ घेताना पाऊल शेवटच्या क्षणी आत कलतंय बघा. हा फ्लिप झाला. काना द्यायला विसरल्यासारखं आहे."

२०१४ चं सोची. जपानची माओ असादा. चार वर्षांपूर्वी व्हँकुव्हरला तिने एकाच स्पर्धेत तीन तिहेरी अॅक्सल मारल्या होत्या आणि दक्षिण कोरियाच्या युना किमच्या मागे दुसरी आली होती. सोचीत सगळे म्हणत होते, आता हिची पाळी. पहिल्या दिवशी ती पडली, एक एक करत सगळं बिघडलं, आणि ती सोळावी! पदकाचा प्रश्नच संपला. दुसऱ्या दिवशी रात्री, आपल्याकडे जेवणाची वेळ, ती पुन्हा आली. सोळावी असल्यामुळे लवकर नंबर, मोठ्या खेळाडूंच्या खूप आधी. आणि तिने रॅकमनिनॉफच्या संगीतावर असं काही केलं की मी ताट घेऊन उभाच राहिलो. तिहेरी अॅक्सल घेतली, एकामागून एक तिहेरी उड्या. संगीत थांबलं, तिने वर बघितलं आणि ती रडायला लागली. एकूणात ती सहावी आली. सहाव्याला काही मिळत नाही. त्या रात्रीचं पान माझ्याकडे आहे. माझे गुण ५.८. हिचे ६.०, आणि समासात, बाईंच्या त्या गोल अक्षरात, 'उठल्याबद्दल'.

२०१९ मध्ये ही गेली. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, त्या दिवसांत या सोसायटीने माझ्यासाठी काय केलं तेही मला माहीत आहे. त्यावर जास्त बोलत नाही. एवढंच सांगतो, तीन महिने आमच्याकडे कुणाच्या ना कुणाच्या घरून डबा येत होता, आणि मी वही उघडली नव्हती.

२०२२ मध्ये बीजिंगचं ऑलिंपिक झालं तेव्हा एकटाच बघायला बसलो. बसलो ते बरं केलं का, असं एकदा वाटलं. रशियाची कमिला वालिएवा, वय वर्षं पंधरा. तिच्या जुन्या चाचणीत बंदी असलेलं औषध सापडल्याचं स्पर्धेच्या मध्येच जाहीर झालं, तरी तिला खेळू दिलं. अंतिम फेरीत ती पुन्हा पुन्हा पडली. बर्फावरून बाहेर आली तर प्रशिक्षिका तिला जवळ घेण्याऐवजी जाब विचारताना जगाने बघितली. दुसरी मुलगी रौप्यपदक मिळूनही रडत होती. आणि जी जिंकली, अॅना श्चेर्बाकोव्हा, ती हातात खेळणं घेऊन एका बाजूला एकटी उभी. पहिली आलेल्या मुलीजवळ कुणी नाही! आमची ही असती तर तिने वही मिटली असती आणि टीव्ही बंद केला असता. एवढ्याशा पोरींकडून हे करून घ्यायचं का, असा प्रश्न जगभर विचारला गेला, आणि त्याच वर्षी ठरलं की मोठ्यांच्या स्पर्धेसाठी किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा करायचं. आपल्याकडे दहावीच्या निकालाच्या दिवशी लिफ्टमध्ये मुलांना आधी "किती टक्के?" विचारणारे आपण सगळे आहोत. मीही त्यात आलोच. त्या दिवसापासून मी आधी "बरा आहेस ना?" विचारतो. मुलं गोंधळतात, पण विचारतो.

त्याच ऑलिंपिकमध्ये जपानच्या युझुरु हान्यूने चौपट अॅक्सल घ्यायचा प्रयत्न केला. म्हणजे हवेत साडेचार फेऱ्या. सेंदाईचा मुलगा. २०११ चा भूकंप झाला तेव्हा सराव करत होता, पायातले स्केट्स न काढताच बाहेर पळाला होता. २०१४ आणि २०१८ ची दोन सुवर्णपदकं त्याच्याकडे होती. सुरक्षित खेळून पदक घेता आलं असतं. तो तरी ती उडी मारायला गेला, पडला, उठला आणि चौथा आला. सातच महिन्यांनी, त्या सप्टेंबरमध्ये, अमेरिकेच्या इलिया मालिनिनने ती उडी स्पर्धेत पहिल्यांदा पूर्ण केली. मालिनिन तेव्हा सतरा वर्षांचा.

ज्येष्ठ नागरिकांसाठी माझी आवडती मात्र वेगळीच आहे. डिआना स्टेलाटो-ड्यूडेक. अमेरिकेत मुलींमध्ये चमकली, दुखापतींमुळे किशोरवयातच खेळ सोडला. सोळा वर्षं बर्फापासून लांब, दुसरी नोकरी. मग तिशी उलटून गेल्यावर परत आली, जोड्यांत खेळायला लागली, आणि २०२४ मध्ये माँट्रियलला कॅनडासाठी माक्सिम देशांच्या जोडीने विश्वविजेती झाली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. या खेळात इतक्या वयाची विश्वविजेती महिला आधी झाली नव्हती. त्या रात्री मी पाच वर्षांनी वही काढली. दोन रकाने आखायची सवय, तसेच आखले गेले. एक रिकामा राहिला.

आता व्यवहाराचं थोडं. स्केटिंगच्या वर्गात पहिला धडा उडीचा नसतो, पडण्याचा असतो. गुडघे वाकवायचे, कुशीवर पडायचं, हात टेकवायला जायचं नाही. मग एक गुडघा उभा करून सावकाश उठायचं. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी हेच शिकवलं, मागच्या पावसाळ्यात मी आपल्या लॉबीत घसरलो त्यानंतर. आणि त्यानिमित्ताने कार्यकारिणीला विनंती, बर्फाच्या रिंकवर दर थोड्या वेळाने झांबोनी नावाचं यंत्र फिरवून बर्फ गुळगुळीत करतात. आपल्या लॉबीतल्या टाइल्स यंत्राशिवायच तेवढ्या गुळगुळीत आहेत. पावसाळ्याआधी त्यावर काहीतरी खरबरीत बसवावं, ही सूचना पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. अनुमोदक मिळाला तर बरं.

(हशा झाला तेव्हा दोन हात वर आले. आभारी आहे.)

शेवटचं. त्या मुलाखतीतल्या गृहस्थांविषयी. ते पुढे चांगले अधिकारी झाले. २०१२ मध्ये माझ्या निरोप समारंभाला ते मुद्दाम नाशिकहून आले, शाल आणली होती. सगळ्यांसमोर वाकले आणि म्हणाले, "साहेब, त्या वेळी पॅनेलवर तुम्ही एकटेच माझ्या बाजूचे होतात, मला माहीत आहे." हॉलमध्ये टाळ्या झाल्या. मी शाल घेतली. काही बोललो नाही. घरी आल्यावर हिने शाल घडी करून कपाटात ठेवली आणि तीही काही बोलली नाही. ती शाल मी आजपर्यंत एकदाही अंगावर घेतलेली नाही.

त्यांचा फोन नंबर माझ्याकडे आहे. हे भाषण लिहायला बसलो तेव्हा दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. समोरासमोर नाही जमणार मला. सचिव म्हणाले, हे भाषण स्मरणिकेत छापू. तेव्हा त्यांना मी एकच अट घातली आहे. संपादन करताना बाकी काहीही कापा, उड्यांची माहिती कापा, लॉबीच्या टाइल्स कापा, पण १९ चे १२ केल्याची गोष्ट तशीच ठेवा. आणि मला स्मरणिकेची एक प्रत जादा द्या. ती नाशिकला पाठवायची आहे.

 चहा तयार आहे असं मला खुणेने सांगताहेत.